क्लबच्या स्नेहभोजनाला शिडाच्या बोटीनं जग फिरलेले पाहुणे येतायत, भाषण जेवणाआधी ठेवावं का नंतर?

कृष्णाकाठ_सांगली
नमस्कार मंडळी. आमचा जुना क्लब आहे, दर जानेवारीत सहकुटुंब स्नेहभोजन असतं, शंभर-सव्वाशे पानं होतात. यंदा वक्ते म्हणून नौदलातले एक निवृत्त अधिकारी येतायत, शिडाच्या बोटीतून केप हॉर्नला, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, वळसा घालून आलेले. त्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडं आलंय आणि मला खरंच टेन्शन आलंय. कारण मागच्या वर्षी एक गिर्यारोहक आले होते, त्यांचं भाषण ठेवलं ऐन जेवणात, एकीकडं ते बर्फात गाडल्या गेलेल्या जोडीदाराबद्दल बोलतायत आणि दुसरीकडं वाढपी "गुलाबजाम, गुलाबजाम" करत फिरतायत, मागं पोरं पळतायत, आणि तो माणूस मधेच दोन मिनिटं गप्प उभा राहिला. ते मला अजून आठवतं आणि वाईट वाटतं. यंदा तसं होऊ द्यायचं नाहीये. भाषण आधी ठेवू का नंतर? ओळखीत काय बोलू? प्रश्न काय विचारावेत? समुद्रातलं मला काही कळत नाही, जे माहिती असेल ते सांगा.

निवृत्त_चीफमेट
आधी ठेवा. पोट भरल्यावर माणूस ऐकत नाही, हे आमच्या जहाजावरच्या सेफ्टी मीटिंगला पण लागू होतं.

आता प्रश्नांचं. "भीती नाही का वाटली" हे कृपा करून विचारू नका, हा प्रश्न त्यांना हजार वेळा विचारलेला असतो आणि उत्तर पाठ झालेलं असतं. काय तुटलं आणि कसं दुरुस्त केलं ते विचारा. एका वेळी किती मिनिटं झोपायचे ते विचारा. पाणी कुठून मिळायचं ते विचारा. मी ३१ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, दक्षिणेकडचा समुद्र दोनदा पाहिला तो पण भल्यामोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून, आणि तिथंसुद्धा हात रेलिंगला घट्ट धरलेला असायचा. त्या भागात ४० अंश अक्षांशाच्या खाली पश्चिमेचा वारा जवळजवळ सतत वाहतो आणि त्याला अडवायला जमीनच नाही, लाटा पृथ्वीला फेऱ्या मारत मोठ्या होत जातात. दर्यावर्दी त्याला रोअरिंग फॉर्टीज म्हणतात. तिथून ५०-५५ फुटी शिडाची बोट न्यायची म्हणजे काय ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल.

आणि एक करा, टेबलावर भिंतीवरचा नकाशा नको, पृथ्वीचा गोल ठेवा. सपाट नकाशावर लोकांना वाटतं की विषुववृत्ताजवळून फिरून येतात. गोल उलटा करून दाखवला की कळतं, ही माणसं अंटार्क्टिकाभोवती फिरून येतात. जग फिरलो म्हणायचे नियमच तसे आहेत, निघाल्या बंदरातच परत यायचं, सगळी रेखावृत्तं ओलांडायची, विषुववृत्त निदान दोनदा ओलांडायचं, सुएझ-पनामासारखा कालवा वापरायचा नाही, आणि अंतर २१,६०० सागरी मैलांच्या वर भरलं पाहिजे.

सह्याद्रीवेडी
चीफमेट काकांना अनुमोदन. मुलांना मागं पाठवू नका, पुढं सतरंजीवर बसवा. मी पुण्यात अशाच एका क्लब डिनरला होते, मोठ्यांनी सगळे "प्रेरणा कुठून मिळते" टाइप प्रश्न विचारले आणि वक्ते पण तशीच उत्तरं देत राहिले, मग एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं, "तुम्ही झोपता तेव्हा बोट कोण चालवतं?" आणि तो माणूस एकदम खुलला, खुर्ची पुढं ओढून बसला. बोटीच्या मागं एक पातं असतं म्हणे, ते वाऱ्याच्या दिशेनुसार कलतं आणि त्यानं सुकाणू हलतं, वीज लागत नाही, वारा फिरला की बोटही फिरते. हे त्यांनी ताटली आणि चमचा घेऊन करून दाखवलं. त्या दहा मिनिटांत हॉलमध्ये एक आवाज नव्हता.

स्टार्टर्ससुद्धा भाषणानंतर फिरवायला सांगा, केटररला आधीच लिहून द्या, तोंडी सांगितलेलं ऐनवेळी विसरतात.

फलटणकर
ओळखीसाठी मी सांगतो, हा विषय माझ्या जवळचा आहे. सांगली-साताऱ्याच्या माणसाला समुद्र लांबचा वाटतो ना, मग सुरुवात इथूनच करा की भारतीय माणसानं एकट्यानं शिडाच्या बोटीनं जग फिरावं हा ध्यास घेतला तो व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींनी, ७१ च्या युद्धातले वीर चक्र विजेते, आणि निवृत्तीनंतर ते राहिले आमच्या फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत. दुष्काळी भागातल्या गावात बसून या माणसानं सागर परिक्रमेचं स्वप्न बघितलं!! त्यासाठी म्हादेई ही बोट गोव्यात दिवाडी बेटावर बांधली, आणि कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, चार बंदरांत थांबून २०१० च्या मे मध्ये परत मुंबईत. मग त्याच बोटीतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठंच न थांबता फिरून आले.

अभिलाष टॉमींचं पुढचं पण सांगा. २०१८ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये, म्हणजे एकट्यानं न थांबता जग फिरायच्या शर्यतीत, हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार, उठता येईना, तीन दिवस तसेच बोटीत पडून, मग एका फ्रेंच जहाजानं सोडवलं. मणक्याचं ऑपरेशन झालं, पाठीत टायटॅनियमच्या सळया. आणि हाच माणूस २०२२ मध्ये परत त्याच रेसला उतरला, जीपीएस नाही, सेक्स्टंट (सूर्य-तारे बघून आपली जागा काढायचं उपकरण) आणि कागदी नकाशे, आणि २९ एप्रिल २०२३ ला दुसरा आला. मी हे लिहिताना पण अंगावर काटा येतोय.

अजून एक, १९६८-६९ मध्ये एकट्यानं न थांबता जग फिरणारे पहिले रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, त्यांची सुहेली ही ३२ फुटी सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली. तेव्हाच्या पहिल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण निघाले, पूर्ण करून आलेले हे एकटेच. हे आपल्याकडं फार कमी जणांना ठाऊक आहे.

कृष्णाकाठ_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. अध्यक्षांशी बोलले, ७ ला भाषण, सव्वाआठच्या आधी स्वयंपाकघराचं दार उघडायचं नाही असं ठरलंय आणि केटररला लेखी दिलंय. लेकीच्या शाळेतून पृथ्वीचा गोल मिळतोय, त्यावर मुंबईपासून लाल लोकरीचा धागा लावायचं काम तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी घेतलंय. ओळख विंचुर्णीपासूनच सुरू करणार. चीफमेट काका, तुम्ही सांगलीच्या जवळपास असाल तर या, एक पान तुमच्यासाठी धरून ठेवते.

निवृत्त_चीफमेट
मिरजेत धाकटी बहीण असते. तारीख कळवा.