मदत हवी आहे: ३० नोव्हेंबरच्या तासात भोपाळ घ्यावं का?

३० नोव्हेंबर हा रासायनिक युद्धातील बळींच्या स्मरणाचा दिवस. त्यानिमित्त नववीला एक तास घेते. मराठी माध्यम, ३५ मिनिटं, प्रोजेक्टर नाही.

मागच्या वर्षी हलबजाचे फोटो छापून नेले होते. १६ मार्च १९८८ ला सद्दामच्या विमानांनी त्या कुर्दी शहरावर विषारी वायू सोडला, सुमारे ५,००० माणसं गेली. दोन मुली रडायला लागल्या, पुढचं कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही. चूक माझीच. आता फोटो नकोत.

यंदा ईप्रपासून सुरुवात, म्हणजे पहिल्या महायुद्धात जर्मनांनी क्लोरिन वायू सोडला त्या बेल्जियममधल्या शहरापासून. २६ एप्रिल १९१५, ब्रिटिश भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनचे आपले जवान, तोंडावर मुखवटे नाहीत, आणि स्वतःला वायू लागलेला असूनही जखमी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी आणणारा जमादार मीर दस्त. आठवीत करून पाहिलं. फळ्यावर खडूने क्लोरिनचा ढग पसरत नेला तशी मुलं गप्प झाली. शेवटी रासायनिक अस्त्रांवर बंदी घालणारा, १९९७ ला लागू झालेला करार, आणि भारताने २००९ मध्ये संपवलेला आपला अशा अस्त्रांचा साठा.

अडतंय ते पुढे. कुणीतरी विचारतंच, "बाई, मग भोपाळ?" तारीखही लागूनच, २-३ डिसेंबर. ते युद्ध नव्हतं, कारखान्यातली गळती होती. पण तिथे गळलेला मिथाईल आयसोसायनेट वायू ज्यापासून बनायचा तो फॉस्जीन पहिल्या महायुद्धातलं अस्त्रच! 'तो वेगळा विषय' म्हणून त्या माणसांना बाजूला सारणं मला जमत नाही.

ज्यांनी हे शिकवलंय त्यांना विचारते: भोपाळ त्याच तासात घेतलंत की वेगळा तास मागितलात? एकत्र घेतलं असेल, तर हत्यार आणि निष्काळजीपणा यांतला फरक चौदा वर्षांच्या मुलांना कसा समजावलात?