बोअरचं पाणी, किचनमधला आरओ आणि वाळूवरचा तपकिरी थर

भाऊ, तुमच्या समुद्री (खाऱ्या पाण्याच्या) मत्स्यटाकीत वाळूवरचा तपकिरी थर पुसला की दोन दिवसांत परत येतो आणि पाणी तर आरओचंच, असं म्हणता. गोम तिथंच आहे. घरच्या आरओत चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) व्हॉल्व्ह असतो, तो बोअरचं थोडं पाणी मुद्दाम मिसळतो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, मिनरल कार्ट्रिज काढा, शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) जोडा. टीडीएस मीटरवर ० यायला हवं. तरी रेझिन संपत आलं की सिलिका (वाळूतलं खनिज, पाण्यात विरघळलेलं) आधी निसटते आणि मीटरला ती जवळजवळ दिसतच नाही. तुमचा तपकिरी थर बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालाचा, तो याच सिलिकेवर पोसतो.

खारपाणपट्ट्यातलं (विदर्भातल्या खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यातलं) पाणी खारं आहेच, तर टाकीत समुद्री मीठ कमी घालू, हा जुगाड करू नका. तो खार समुद्राचा नव्हे. कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण समुद्राशी जुळत नाही.

मे महिन्यात टाकीवर पंखा लावला की पाणी झपाट्यानं उडतं, मीठ मागंच राहतं. म्हणून रोजची भर बिनमिठाच्या डीआय पाण्याचीच, सापेक्ष घनता (खारटपणाचं माप) १.०२५ धरून.

अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलायची ताकद, डीकेएच हे तिचं एकक) ८ डीकेएचखाली गेली तर खायचा सोडा डीआय पाण्यात विरघळवून पंपाच्या धारेत हळूहळू सोडा. १०० लिटरला ३ ग्रॅमनं साधारण १ डीकेएच वाढते. एका दिवसात तेवढंच. बेकिंग पावडर चालत नाही.

फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या. शून्यावर आणायच्या नादात डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव) येतात, आणि ते डायटमपेक्षा कितीतरी चिवट.