दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी?

कोथरूडकर: आमच्या घरात सध्या दोन पंथ आहेत. मी दीक्षितवाला, बायको दिवेकरवाली. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात (मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची): दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकरांचं ऐकून बायको दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकते. सात महिन्यांत मी ८४ वरून ७६ वर आलो. माझं मत दीक्षितांना. दर खाण्याला इन्सुलिन वाढतं आणि ते वाढलेलं असताना साठलेली चरबी हलत नाही.

खारीबिस्कीट: इन्सुलिन राहू द्या हो. आधी दिवसभर काय खायचात ते लिहा.

कोथरूडकर: पोहे, दोन जेवणं, चारला फरसाण आणि पाच चहा. दोन-दोन चमचे साखरेचे.

खारीबिस्कीट: झालं की मग! दहा चमचे म्हणजे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी नुसत्या चहात. ते आणि फरसाण सुटलं म्हणून वजन उतरलं. घड्याळाला कसलं श्रेय देताय?

कोथरूडकर: हिशोब मान्य. पण ‘कमी खा’ हे वीस वर्षं ऐकतोय, जमलं नाही. ‘खाऊच नको’ जमलं. फरसाणाच्या वाटीतून एकच चिमूट उचलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तूपभात: दिवेकर म्हणजे दिवसभर चरणं, हा गैरसमज आहे. केळं, मूठभर शेंगदाणे, ताक असं साधं खायचं, आणि वरणभात-तुपाला घाबरायचं नाही. मी दोन महिने दीक्षित केलं. रात्री पानावर बसले की वखवखल्यासारख्या पाच पोळ्या जायच्या, वर ॲसिडिटी. आणि एक सांगा, सगळ्यांना तव्यावरची गरम पोळी वाढणाऱ्या बाईची ५५ मिनिटं नक्की कधी सुरू होतात?

सांगलीची हळद: मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही पंथ बाजूला ठेवा, आधी डॉक्टरांना विचारा. आमच्या बाबांनी व्हॉट्सॲपवरचा तक्ता बघून परस्पर नाश्ता सोडला, मधुमेहाची गोळी (ग्लिमेपिराइड) मात्र सकाळी नेहमीसारखी घेतली. अकरा वाजता दरदरून घाम, हाताला कंप, शब्द जड. मशीनवर साखर ५८. साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावत राहते, पोटात अन्न असो वा नसो. उपास करायचाच तर डोस आधी ठरवून घ्यायला हवा होता.

खारीबिस्कीट: हे सगळ्यात वर हवं होतं. बाकी भांडण चालू द्या.

कोथरूडकर: तूपभात, तुमचा प्रश्न बायकोला वाचून दाखवला. चूक झाली. कालपासून रात्रीच्या पोळ्या माझ्याकडे. नकाशे निघतायत, कडा कच्च्या. मी स्वतः दोनच खाल्ल्या.

खारीबिस्कीट: बघा, परत कॅलरीच कमी झाल्या.