प्रवासाचं कार्ड सहज मिळावं म्हणून निवेदनात नेमकं काय मागायचं?

पहिली_गाडी
आई चार घरची कामं करते. पहाटेच्या पहिल्या बसने निघते, अंधार पडल्यावर परतते. कार्डाची खिडकी उघडते ती निघून गेल्यावर, आणि ती यायच्या आत बंद. कार्डावर भाड्यात सवलत आहे, रोखीला नाही. म्हणजे घरबसल्या ॲपवरून पैसे भरणाऱ्या मला प्रवास स्वस्त आणि तिला महाग! तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. तिच्यासाठी मी कार्ड आणायला गेले तर "ज्यांचं कार्ड त्यांनीच यायचं, ओटीपी लागतो" म्हणून परत पाठवलं.

आम्ही काही जणी मिळून परिवहन कार्यालयाला निवेदन देणार आहोत. "कार्ड सहज उपलब्ध करून द्यावे" एवढंच लिहिलं तर "योग्य ती कार्यवाही करू" हे उत्तर ठरलेलं आहे. मुद्द्याचं काय मागावं?

रांगेतला
बँकेचं टॅप करायचं कार्ड का नाही घेत आईंसाठी? लंडनच्या बसमध्ये ते २०१२ पासून चालतं. वेगळ्या कार्डाची भानगडच नको.

खिडकीपलीकडचा
रांगेतले भाऊ, बँकेचं कार्ड ज्याच्या खिशात आहे त्याचं अडतंय कुठे? लंडननेही बँकेची कार्डं घेतली म्हणून स्वतःचं ऑयस्टर हे प्रवासाचं कार्ड बंद केलं नाही.

ताई, मी निवृत्तीपर्यंत तिकीट खिडकीवर होतो, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. कोरी कार्डं आमच्याकडे नोटांसारखी मोजून यायची. प्रत्येकाच्या क्रमांकाची नोंद, ड्रॉवरला कुलूप, किल्ली साहेबांकडे. पाळी संपताना विकलेली, उरलेली आणि खराब निघालेली यांचा मेळ बसला नाही, तर फरक ज्याच्या त्याच्या पगारातून. त्यामुळे पाळी संपायच्या अर्धा तास आधीच "कार्डं संपली" म्हणायची पद्धत पडली होती. प्रवाशाला वाटायचं, साठा नाही. साठा ड्रॉवरमध्ये असायचा. शेवटच्या क्षणी हिशोब पुन्हा मांडायची कोणाची तयारी नसायची.

म्हणून पहिली मागणी ही करा: विकून मशीनवर चालू करेपर्यंत कार्डाची किंमत शून्य धरावी. मग ते किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात, कंडक्टरच्या बॅगेत, कुठेही ठेवता येतं. गहाळ झालं तर प्लास्टिकचा तुकडा गेला, कोणाच्या पगाराला हात लागत नाही. लंडनमध्ये गल्लीबोळातल्या दुकानांत ऑयस्टर भरून मिळतं. हाँगकाँगचं ऑक्टोपस हे प्रवासाचं कार्ड १९९७ चं. तेही चोवीस तास उघड्या दुकानांत भरता येतं. फक्त दुकानदाराच्या कमिशनचं आधी विचारून घ्या. रिचार्जमागे त्याला काही सुटत नसेल तर "आज नेट नाही" हे रोज ऐकायला मिळेल.

ओटीपीचं म्हणाल तर बिननावाचं कार्ड मागा. किरकोळ रक्कम ठेवायची तर कागदपत्रं कशाला? भारतात रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये फक्त सार्वजनिक वाहतुकीसाठी चालणाऱ्या कार्डांना केवायसीशिवाय परवानगी दिली, शिल्लक जास्तीत जास्त ३,००० रुपये. अशा कार्डाचा तोटा एकच, हरवलं की पैसे बुडाले. तेव्हा नाव नोंदवायची सोय असावी, पण नंतर, आणि ज्याला हवी त्याला.

शिल्लक कमी पडली म्हणून पहाटे कोणाला उतरवू नये, हेही लिहा. लंडनच्या बसने जुलै २०१४ मध्ये रोख घेणं थांबवलं, तेव्हा पैसे अपुरे असले तरी एक फेरी होऊ देण्याची सोय कार्डात केली. ऑक्टोपसही थोडं उणे जाऊ देतं.

वायरवाला
काकांच्या यादीत माझी भर. शिल्लक कार्डावरच्या चिपमध्ये राहणार की सर्व्हरवर, हे विचारा. चिपमध्ये असेल तर तुम्ही घरून भरलेले पैसे आईंच्या कार्डावर आपोआप उतरत नाहीत, ते आधी एखाद्या मशीनला लावावं लागतं. ते मशीन पुन्हा त्याच बंद खिडकीत असेल तर काय उपयोग? बसमधल्या मशीनवरच उतरले पाहिजेत.

सर्व्हरवर ठेवलं की ही कटकट जाते, पण दुसरी येते. सिंगापूरमध्ये जुनी कार्डं बंद करून सगळ्यांना सर्व्हरवाल्या पद्धतीवर न्यायचं ठरलं होतं. त्या नव्या पद्धतीत गेटवर शिल्लक दिसत नव्हती. लोक इतके चिडले की जानेवारी २०२४ मध्ये सरकारने निर्णय मागे घेतला, जुनी पद्धत चालू ठेवायला जादा चार कोटी सिंगापूर डॉलर मोजले. ज्याच्याकडे ॲप नाही त्याला शिल्लक कळायला गेटचा पडदा हाच एक मार्ग असतो.

स्पर्श
मला दिसत नाही, म्हणून एवढंच: जपानच्या सुईका कार्डाच्या कडेला छोटी खाच असते. पाकिटातल्या कार्डांतून बोटांनी ते चटकन वेगळं काढता येतं. नवी कार्डं छापणारच असतील तर खाच मागून घ्या. छपाईनंतर कोणी ऐकत नाही.

पहिली_गाडी
खाच आणि बसमधलं मशीन दोन्ही घालते. काका, ड्रॉवरच्या किल्लीचा परिच्छेद जसाच्या तसा निवेदनात घेतला तर चालेल?

खिडकीपलीकडचा
घ्या की. फक्त मी कुठल्या खिडकीवर होतो ते विचारलं तर सांगू नका. तो साहेब अजून नोकरीत आहे.