नारळ, डच्चू आणि अर्धचंद्र एकच नव्हेत

'नारळ देणे', 'डच्चू देणे' आणि 'अर्धचंद्र देणे' हे नकाराचे तिन्ही वाक्प्रचार एकाच अर्थाचे, असं अनेकदा म्हटलं जातं. त्यात थोडी भर घालतो.

नारळ मिळतो तो आधीपासून कामावर किंवा पदावर असलेल्याला. मुलाखतीत नापास झालेल्या उमेदवाराला नारळ दिला, असं म्हणता येत नाही. डच्चू यादीतून किंवा संघातून वगळताना चालतो. माणूस समोर हजर असावा लागत नाही. अर्धचंद्राला मात्र मान लागते! मानगूट पकडताना अंगठा आणि तर्जनी यांच्यात होणारा अर्धगोल तो अर्धचंद्र. म्हणून ईमेलवरून कळवलेल्या नकाराला तो शब्द थट्टेनेच शोभतो.

'फेटाळणे'सारख्या नकाराच्या क्रियापदांत खरी गफलत होते ती कर्मात, म्हणजे नेमकं काय नाकारलं त्यात. फेटाळायची ती मागणी, याचिका, आरोप, माणूस नव्हे. 'त्याला फेटाळलं' हे कानाला खटकतंच. झिडकारतात बहुधा माणसाला, धुडकावतात आदेश किंवा प्रस्ताव. अर्ज 'बाद' होतो तो नियमात न बसल्यामुळे, सही राहिली वगैरे. 'फेटाळला' म्हणजे विचार करून नाही म्हटलं. बातम्यांत हे दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

विभक्तीही सांभाळा: मागणीला वाटाण्याच्या अक्षता लावल्या, पण त्याची आश्वासनांवर बोळवण केली. बोळवणीत हातावर काहीतरी किरकोळ ठेवलेलं असतं, अक्षतांमध्ये तेवढंही नाही. 'तोंडाला पानं पुसणे' या यादीत नकोच, त्यात नकारापेक्षा फसवणूक जास्त.