सकाळी राफ्टिंग, दुपारी कॅन्यनिंग: पावसाळ्यात हे एकाच तिकिटावर विकावं का?

दोरवाली:

गेल्या ऑगस्टमध्ये ऑफिसच्या अकरा जणांबरोबर मी पुण्याहून कोलाडला एका दिवसाच्या ट्रिपला गेले होते. पहाटे साडेचारला बस, सकाळी कुंडलिकेत राफ्टिंग, दुपारी ताम्हिणीच्या खालच्या अंगाला एका ओढ्यात कॅन्यनिंग (म्हणजे धबधब्याच्या टप्प्यांवरून दोराने खाली उतरणं), रात्री दहाला घरी. आयोजकांचं नाव लिहिणार नाही, कोणी विचारूही नका. प्रश्न एका गटाचा नाही, असं जोडपॅकेज आता बरेच जण विकतात.

सकाळचा भाग उत्तम होता. का उत्तम होता, ते सांगते. नदीत उतरण्याआधी अर्धा तास काठावर शिकवणी झाली. वल्ह्याच्या टोकाची मूठ कधी सोडायची नाही, नाहीतर शेजाऱ्याचे दात जातात. पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, पावलं पाण्याबाहेर. काही झालं तरी उभं राहायचं नाही, कारण पाय दोन दगडांत अडकला की पाणी माणसाला पुढे वाकवून खाली दाबतं. सोबत बचावाची कयाक होती, प्रत्येक राफ्टमध्ये फेकायच्या दोराची पिशवी होती. 'मॉर्निंग हेडेक' नावाच्या खळाळत्या टप्प्यात आमच्यातली एक जण पडली. वीसेक सेकंदांत ती परत राफ्टमध्ये होती, हसत होती.

शिवाय कुंडलिकेतल्या त्या पाण्याला वेळापत्रक आहे. मुळशीच्या धरणाचं पाणी डोंगर उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं, वीज करून झाली की रवाळजेमार्गे नदीत सुटतं. कधी सुटणार हे गाईडला माहीत असतं, फोन करून विचारता येतं.

दुपारी ओढ्यात आम्ही उतरलो तेव्हा शिकवणी दहा मिनिटांत उरकली. सगळे दमलेले, कपडे ओले, जेवण झालेलं. तीन टप्पे होते, दुसरा साधारण पन्नास फुटांचा. आमच्या अकाउंट्समधले एक काका, वय 52, मध्यावर आले आणि त्यांच्या टी-शर्टचा सैल घोळ डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून उतरताना वेग आवरणाऱ्या कडीत, ओढला गेला. ते लटकले ते थेट धारेखाली. वरच्या गाईडने दोर सैल करून त्यांना खाली सोडायला हवं होतं, पण दोर झाडाला पक्की गाठ मारून बांधलेला. ताण असताना ती सुटेना. काका मान डावीकडे वळवून हेल्मेटच्या कडेखाली श्वास घेत होते. खालून मला त्यांचं फक्त तोंड दिसत होतं, उघडं. दुसरा गाईड दुसऱ्या दोरावरून उतरला, काकांना स्वतःच्या पट्ट्याला अडकवून घेतलं, त्यांचा टी-शर्ट कापला. चार मिनिटं गेली असतील. काका वाचले. नंतर ते चहाच्या टपरीवर कोणाशी बोलले नाहीत, ग्लास दोन्ही हातांनी धरून बसले.

माझं म्हणणं एवढंच: पावसाळ्यात हे दोन्ही एका दिवसात, एका तिकिटावर विकणं बंद व्हावं. राफ्टिंगमुळे लोकांना वाटतं की दुपारचंही तसंच असेल. तसं ते नसतं. राफ्टमध्ये गाईड तुमच्या मागे बसलेला असतो. दोरावर तुम्ही एकटे असता. आणि ओढ्याचं पाणी कोणी सोडत नाही, ते येतं.

---

कुंडलिकाकाठ:

ताई, काकांचं वाचून वाईट वाटलं. पण 'बंद व्हावं' याला माझा स्पष्ट विरोध आहे. मी याच खोऱ्यातला, चौदा वर्षं राफ्ट चालवतो, सात वर्षं दोरावरची कामं करतो.

हे जोडपॅकेज का निघालं ते आधी समजून घ्या. पाणी सकाळी सुटतं, त्याच्याबरोबर सगळ्या राफ्ट निघतात आणि दहा-अकराला खेळ संपतो. पाहुणा चार तास गाडीत बसून आलेला असतो. त्याला बारा किलोमीटर नदी मिळते आणि दुपार मोकळी. ती दुपार आम्ही दिली नाही तर तो घरी जात नाही. तो देवकुंडच्या धबधब्याला जातो, नाहीतर ताम्हिणीत गाडी लावून दिसेल त्या धबधब्यात उतरतो. अंगात सकाळचा जोर असतोच.

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तिथे पॅकेज नव्हतं, गाईड नव्हता, हेल्मेटही नव्हतं. देवकुंडला पावसाळ्यात बंदी असते, तरी लोक मागच्या वाटेने घुसतातच. बंदीने माणूस थांबत नाही, फक्त त्याच्याबरोबरचा गाईड जातो.

तुमच्या वेळी दोर चुकीचा बांधला होता. तो गुन्हा बांधणाऱ्याचा आहे, पॅकेजचा नाही. आमच्या गावातली पंचवीस-तीस पोरं याच कामावर आहेत, नाहीतर ती रोहा एमआयडीसीत कंत्राटावर असती. पुराच्या वेळी बोट घेऊन पहिली धावतात तीही हीच पोरं.

---

सह्यकातळ:

दोघांनाही सांगतो, पहिली गल्लत शब्दात आहे. पावसाळ्यात आपल्याकडे 'कॅन्यनिंग' म्हणून जे चालतं ते बहुतेक वेळा एका धबधब्यावरचं रॅपलिंग, म्हणजे नुसतं दोरावरून उतरणं असतं. कॅन्यनिंग म्हणजे घळीच्या तोंडातून शिरायचं आणि शेवटातून बाहेर पडायचं. दोर खेचून घेतला की परत वर जायची वाट नाही. सह्याद्रीत ते पाऊस ओसरल्यावर करतात, ऑक्टोबर ते डिसेंबर, जेव्हा धार असते पण वर ढग नसतात. सांधण दरीतही जाणते लोक पावसाळ्यात शिरत नाहीत.

आता तांत्रिक मुद्दा. दोरवाली, तुम्ही नकळत अगदी नेमकं दुखणं लिहिलंत. वाहत्या पाण्यात दोर सोडता येईल असाच बांधायचा असतो. अँकरवर, म्हणजे वरच्या पक्क्या आधारावर, डिसेंडर लावून दोर त्यावर अडवतात. कोणी अडकलं की अडवण काढून त्याला दोरासकट खाली सोडतात. कामाला पंधरा सेकंद लागतात. कोरड्या कड्यावर पक्की गाठ चालते, कारण तिथे अडकलेला माणूस तासभर लटकून राहू शकतो. धारेखाली त्याला तास मिळत नाही.

दुसरं, दोराची लांबी. कोरड्यात टोकाला गाठ मारतात, म्हणजे माणूस दोरावरून घसरून जाऊ नये. डोहात उतरताना तीच गाठ घातक ठरते. माणूस भोवऱ्यात आणि डिसेंडर गाठीवर अडकलेला, म्हणजे पाण्याखालीच बांधून ठेवल्यासारखं. तिथे टोक मोकळं आणि पाण्यापर्यंत जेमतेम पोचेल एवढंच ठेवतात, म्हणजे पोहत सुटता येतं.

ज्याने गिर्यारोहण शिकलंय त्याला कॅन्यनिंग येतं, हा समज आपल्याकडे फार खोल आहे. सवयीने हात उलट चालतात. त्यामुळे 'एका दिवसात नको' हा उपाय मला अपुरा वाटतो. वेगळ्या दिवशीही तोच दोर तसाच बांधला तर?

---

म्हादईपार:

मी गोव्याचा, वाळपईजवळ राहतो. दोरवालींच्या मूळ युक्तिवादालाच माझा आक्षेप आहे. तुम्ही म्हणता धरणाचं पाणी भरवशाचं, पावसाचं बेभरवशाचं. आमच्या सत्तरी तालुक्यात म्हादई नदीवर राफ्टिंग होतं ते जून ते सप्टेंबर, निव्वळ पावसाच्या पाण्यावर. उस्त्याहून सोनाळपर्यंत साधारण दहा किलोमीटर. वर दार उघडणारं कोणी नाही. तरी ते वर्षानुवर्षं नीट चाललंय.

म्हणजे फरक मालकाचा नाही, आकाराचा आहे. म्हादईला पाणलोट मोठा. वर कर्नाटकात पाऊस झाला तर पाणी तासांनी चढतं, काठावरच्या खुणेवर बघता येतं. व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, पाणलोट म्हणजे एक डोंगर. त्या डोंगरावर एक सर आली की दहा मिनिटांत खाली लोंढा. तुम्ही उभे असता तिथे ऊनही असू शकतं.

आमच्याकडे 2023 च्या जुलैत बुडण्याचे प्रकार वाढल्यावर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली होती. मला ती पटली होती. पण राफ्टिंगला त्यात ओढू नका.

---

दोरवाली:

म्हादईपार, मान्य. माझं वाक्य चुकलं, पाणलोटाचा मुद्दा जास्त खरा आहे. त्याने माझी काळजी वाढलीच. 25 जुलै 2024 ला सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच डोंगराखालच्या ओढ्यांत लोक दर रविवारी दोरावर असतात.

कुंडलिकाकाठ दादा, पोरांच्या रोजगाराचं मी हलक्यात घेत नाही. पण 'आम्ही नेलं नाही तर ते एकटे जातील' हे मला पटत नाही. आमच्या गटातले काका एकटे कधीच गेले नसते. त्यांनी आयुष्यात दोर धरला नव्हता. ते उतरले कारण सकाळी राफ्टिंग छान झालं आणि पैसे आधीच भरले होते. सगळ्यांसमोर 'मी नाही येत' म्हणायची त्यांना लाज वाटली. जो स्वतःहून धबधब्यात घुसतो तो वेगळा माणूस. तुम्ही दोघांची गल्लत करताय.

---

एक_बाप_दोन_पोरं:

मला हा सगळा सूरच खटकतो. आपण मोठी माणसं आहोत. धोका आहे हे माहीत असूनच जातो, फॉर्मवर सही करतो. हृषीकेशला लाखो लोक राफ्टिंग करतात, उद्या तेही बंद करायचं का? माझ्या पोरांनी मोबाईल सोडून पाण्यात पडावं, घाबरावं, सावरावं असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक अपघातानंतर 'बंद करा' म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. ती सवय मला ओढ्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटते.

---

सह्यकातळ:

हृषीकेशचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये गंगेवरचं राफ्टिंग सरकारच बंद ठेवतं. 2018 मध्ये तर नियम होईपर्यंत उत्तराखंड उच्च न्यायालयाने ते पूर्ण थांबवलं होतं. पुन्हा सुरू झालंच ना? आणि फॉर्मवरची सही म्हणजे नदीचा धोका मान्य. झाडाला मारलेली पक्की गाठ मान्य, असा तिचा अर्थ होत नाही.

---

आरेकाठची:

मी बर्नला राहते, इंटरलाकेन इथून तासाभरावर. 27 जुलै 1999 ला तिथल्या साक्सेटनबाख ओढ्यात कॅन्यनिंग करताना 21 जणांचा जीव गेला, त्यांत तीन गाईड. वर डोंगरात वादळी पाऊस होता, घळीत अचानक लोंढा आला. 2001 मध्ये त्या खटल्यात सहा जण दोषी ठरले. पण देशभरासाठी गाईडचं शिक्षण आणि परवाना सक्तीचा करणारा कायदा लागू झाला तो 2014 मध्ये. पंधरा वर्षं गेली.

इथे आज कॅन्यनिंग जोरात चालतं, राफ्टिंगही. काही जण एकाच दिवशी दोन्ही करतात. त्यामुळे दोरवालींच्या 'एका दिवसात नको'शी मी सहमत नाही. इथे माझा नवरा गेला होता तेव्हा गाईडने घळीच्या तोंडाशी जाऊन दगडावरची पाण्याची खूण पाहिली, हवामानाचा अंदाज पुन्हा पाहिला आणि 'आज नाही' म्हणून सगळ्यांना परत आणलं. पैसे परत केले. मला त्या ट्रिपमधलं तेवढंच लक्षात आहे.

---

कुंडलिकाकाठ:

आरेकाठची ताई, 'आज नाही' म्हणणं आम्हालाही येतं. अडचण अशी की पैसे परत करायचे कोणी? बुकिंग मुंबईतला एजंट घेतो, निम्मे पैसे त्याच्याकडे. आम्ही 'नाही' म्हटलं की पुढच्या रविवारी तो बस दुसऱ्याकडे पाठवतो. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 च्या ऑगस्टमध्ये आलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सक्तीची झाली. आम्ही नोंदणी केली, विमा काढला. शेजारचा काहीच न करता निम्म्या दरात नेतो. बंद करायचं तर ते आधी बंद करा.

आणि ताई, काकांना लाज वाटली म्हणून ते उतरले, हे तुमचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. मी काठावर विचारतो, 'कोणाला नको असेल तर सांगा'. हात कधीच वर होत नाही. आता प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारीन.

सह्यकातळ सर म्हणतात तशी सुटणारी बांधणी आम्ही तीन वर्षांपासून करतो. शिवाय वर कातळावर एक पोरगा बसवतो, शिट्टी घेऊन. त्याचं काम फक्त पाण्याकडे बघायचं. दोन वर्षांपूर्वी जुलैत त्याने शिट्टी मारली तेव्हा खाली नऊ जण होते. पाणी तांबडं व्हायला लागलं होतं, पाचोळा आणि काटक्या येत होत्या. दोराच्या नादी लागलो नाही, बाजूच्या कारवीतून सगळ्यांना हाताने वर ओढलं. अर्ध्या तासाने त्या ओढ्यात उभं राहता येत नव्हतं.

---

दोरवाली:

आमच्या वेळी वर कोणी नव्हतं. काका अडकले तेव्हा दोन्ही गाईड त्यांच्याकडेच होते, आणि तेच बरोबर होतं. पण त्या चार मिनिटांत पाण्याकडे कोणीच बघत नव्हतं. हे मला आत्ता, तुमचं वाचताना कळलं.

एका दिवसात नको, या माझ्या मतावर मी अजून आहे. दमलेल्या माणसाला दुपारी दोरावर घालू नये. पण वर शिट्टीवाला नसेल आणि दोर सुटणारा नसेल, तर एक दिवस काय आणि दोन दिवस काय, हेही मान्य.

---

कुंडलिकाकाठ:

ताई, तो ओढा नेमका कुठला ते मला निरोपात कळवा. गटाचं नाव नको, फक्त जागा. दुसऱ्या टप्प्याच्या बाजूने वर निघायला वाट आहे का, ते पाऊस उघडला की जाऊन बघतो. वाट नसेल तर तिथे आम्हीही कोणाला उतरवणार नाही.