मदत हवी आहे: स्पर्धा परीक्षेतून तिची सरकारी पोस्ट निघाली, मी अजून अभ्यासिकेतच, रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय

नवीपेठकर: सहा वर्षांचं नातं आहे. तिची पोस्ट निघाल्यापासून सगळं फिरलंय. आता म्हणते, दिवसभर लाइव्ह लोकेशन चालू ठेव, रात्री टेस्टचे मार्क पाठव, नाहीतर गावी जा. काय करू? 'बोलून बघा' कृपया सांगू नका, बोलून झालंय.

सांजवात: अर्धवट लिहिलंय तुम्ही. कोणती पोस्ट? घरी माहीत आहे का? तुमचा खर्च कोण करतं?

नवीपेठकर: एसटीआय, म्हणजे राज्यकर निरीक्षक. घरी माहीत नाही, जात वेगळी. कॉट आणि मेसचे साडेसात हजार जानेवारीपासून ती पाठवते. पण मुद्दा पैशांचा नाहीये.

कडुलिंब: पैशांचाच आहे. माझी बायको तलाठी, मी दोन वर्षं घरी बसून होतो. दाढीच्या ब्लेडलासुद्धा तिच्याकडे मागायचो. ती द्यायची, पण 'कशाला?' विचारून. कुरिअरच्या गोदामात बारा हजारांवर लागलो आणि त्या महिन्यापासून तिचा आवाज बदलला. आधी नोकरी धर.

ध्येयवेडा: नोकरी करून राज्यसेवा निघत नाही दादा. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, रोज उत्तरं लिहून काढावी लागतात.

कडुलिंब: माझ्या रूममेटची निघाली.

ध्येयवेडा: तेव्हा जीएसला, म्हणजे सामान्य अध्ययनाला, उत्तराचे पर्याय दिलेले असायचे. आता कोरा कागद असतो.

अक्षता: जात वेगळी असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचं, लग्नाला तीन साक्षीदार लागतात.

नवीपेठकर: लग्नाचं मी विचारलंच नाही.

सांजवात: हे लोकेशनचं तिच्या डोक्यात आलं कुठून?

नवीपेठकर: ती पुण्यात नवीन होती तेव्हा पूर्वपरीक्षेआधी तीन महिने तिचा फोन मी माझ्या लॉकरमध्ये ठेवला होता. रात्री साडेनऊला दहा मिनिटं द्यायचो, घरी बोलायला. मी तिथेच उभा असायचो. तिचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. पॉलिटी मीच शिकवली तिला. तेव्हा ती काही बोलली नव्हती.

सांजवात: बोलली नव्हती, की बोलायची सोय नव्हती? तेव्हा तिची मेस कोण भरायचं?

नवीपेठकर: काही महिने मी.

ध्येयवेडा: ते वेगळं. त्याने तिच्या भल्यासाठी केलं.

सांजवात: तीही हेच म्हणत असेल.

नवीपेठकर: परवा हेच म्हणाली, याच शब्दांत. आधी पैसे पाठवताना शेऱ्यात 'वेळेवर जेव' लिहायची. या महिन्यात नुसतं 'मेस जुलै'. मी तो शेरा दहा वेळा उघडून बघितला. लॉकरबद्दल तिला काय वाटलं होतं, हे मी आजवर विचारलेलं नाही. उद्या रविवार. आधी तेच विचारतो.

कडुलिंब: विचार. पण ऑगस्टची मेस स्वतःच्या पैशांनी भर.